उशीर झालेली एकच ऑर्डर

मर्गिलानमध्ये लग्नाच्या रजया शिवणारे कारखाने पुष्कळ, आणि वेळेवर माल देणारा एकही नाही. त्यातही आमचं नाव जरा जास्तच गाजलेलं. टाके घालायचं मोठं मशीन एकच, आणि जो जास्त आरडाओरडा करेल त्याचं काम आधी, अशी आमची शिस्त.

मालक होजाकबर शेवटी कंटाळले. त्यांनी ताश्कंदहून झुल्हुमोर नावाच्या इंजिनिअर बाई आणल्या. बाई तीन दिवस चहा पीत मशीनकडे बघत बसल्या आणि म्हणाल्या, "ज्याची तारीख आधी, त्याचं काम आधी. तारीख सारखी असेल तर लहान काम आधी."

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच, एर्गाश-आका. पक्कं गणित मांडायला बसलात तर जन्म जाईल. या ठोकताळ्यावर भागतं. फक्त मध्ये कोणाला घुसवू नका."

ऑर्डरींच्या तारखा लिहायचा फळा माझ्या ताब्यात आला. मग काय, मालकांच्या मेहुण्यालाही मी रांग दाखवली. फोरमन म्हणून वीस वर्षांत इतका मान कधी मिळाला नव्हता.

माझ्या मुलीचं, दुर्दोनाचं लग्न चोवीसला होतं. तिच्या बारा रजयांसाठी मी फळ्यावर तेवीस तारीख लिहिली.

"अहो, दहा दिवस आधीची लिहा ना," सलोमत म्हणाली.

"फोरमनच्या घरातूनच खोटं?" मी बायकोला सुनावलं. काय तोरा होता माझा.

दहा, पंधरा, अठरा तारखेच्या ऑर्डरी येत राहिल्या आणि आमच्या पुढे सरकत राहिल्या. एकवीसला शेजारच्या रिहसिवोयनं मुलीच्या लग्नाचं आमंत्रण दिलं, तर तारीख पुढच्या महिन्यातली.

"तुझ्या रजया तर मी कालच घाईघाईनं दिल्या," मी म्हणालो.

"तुम्ही उशीर करणार हे धरूनच तारीख सांगितली, आका. सगळेच तसं सांगतात."

म्हणजे फळ्यावर खरी तारीख एकाच शहाण्याची होती.

मी मालकांकडे धावलो. ते हसले. "माझ्या मेहुण्याला परत पाठवलंत ना? मग आता नियम नियमच."

चोवीसला दुर्दोना सात रजया घेऊन निघाली. सासरच्या बायकांनी पेटीवर त्या रचल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या. "बाप त्याच कारखान्यात ना?" एक जण हळूच म्हणाली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकंच हळू. दुर्दोनानं मान वर केली नाही. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

महिनाअखेरीस मालकांनी सगळ्यांना जमवलं. एक्केचाळीस ऑर्डरी, उशीर फक्त एकीला. टाळ्या झाल्या आणि त्यांनी माझ्या खांद्यावर मानाचा जाड चापान, म्हणजे रजईसारखा टाके घातलेला लांब अंगरखा, घातला.

टाके मी लगेच ओळखले. फळ्यावर 'मालक, एक चापान, बावीस तारीख' असं लिहिलेलं होतं, आणि दुर्दोनाच्या रजया थांबवून तो मीच मशीनवर चढवला होता.