पायातला करंट

आप्पासोंनी भरलेली मोटार वर्षाच्या आत जळाली, असं आटपाडीत कुणी शपथेवर सांगावं, मग आपण बोलू. तीस वर्षं माणसानं विहिरींवरच्या जळक्या मोटारींत तांब्याची तार भरली. पण साठी ओलांडली आणि गुडघे बिनसले. दुकानाचं शटर उचलायला खाली बसावं लागतं, आणि बसलेल्या आप्पासोंना उठवायला दोघं लागत. दोन वर्षं शटर मुलगा दिग्विजयच उचलत होता.

एक दिवस तो म्हणाला, "आप्पा, आता बास करा. माझा दोस्त नानासो एसटीडी बूथसाठी दुकान मागतोय. खंडेनवमीला हत्यारं पुजायला तुमी सोता शटर उचाललं, तर दुकान तुमचं. न्हाईतर त्येला देतो."

पोरगं वाईट नव्हतं, बापाचे हाल त्याला बघवत नव्हते. पण आप्पासोंना ते पटेना. दुकान गेलं तर दिवसभर काय ओट्यावर बसून माश्या मारायच्या?

म्हणून त्यांनी सांगलीचा दवाखाना धरला. आठवड्यातून दोनदा एसटी, बरोबर बायको रंगुबाई. तिथल्या मंगलताई गुडघ्याला ओल्या पट्ट्या बांधून मशीनचा करंट सोडायच्या. मुंग्या येत, ठणका निवे. मग त्या व्यायाम दाखवत. टॉवेलची गुंडाळी गुडघ्याखाली घेऊन दाबायची, पाय ताठ उचलून दहा आकडे धरायचा, खुर्चीतून हात न टेकता उठायचं. घरी रोज करा, असं बजावत. आप्पासो मान डोलवत आणि तिथल्या तिथं विसरत. व्यायाम ही तालमीतल्या पोरांची भानगड, आपला इलाज करंट, आणि करंटातलं आपल्याला कोण शिकवणार?

इथंच गडी फसला. आप्पासोंनी हिशेब केला की गुडघ्यात भरलेला करंट जपला पाहिजे. उघडा पाय जमिनीला लागला की अर्थिंग होणार आणि सगळा करंट मातीत जाणार. मग काय, रबरी चप्पल पायातून निघेना. आंघोळीला चप्पल, जेवताना चप्पल. देवघरापुढं चप्पल घालून उभे राहिले तेव्हा रंगुबाईनं जे तोंड सोडलं, ते शेजारच्या आळीला ऐकू गेलं. उरलेला दिवस लाकडी बाजेवर, पाय वर घेऊन.

तीन आठवड्यांनी मंगलताईंनी मांडीला टेप लावली. मांडी अर्धा इंच बारीक झाली होती.

"काका, व्यायाम करताय ना?"

आप्पासो छताकडं बघायला लागले. "आवं बाई," रंगुबाई म्हणाली, "ह्यांनी तीन आठवडं भुईला पाय लावला न्हाई. करंट सांडंल म्हणत्यात."

मंगलताईंनी हसू दाबलं. "काका, करंट पायात साठत नाही. मशीन बंद केलं की संपला. तो थोडा वेळ दुखणं कमी करतो, आणि तेवढ्यात आपण मांडीला कामाला लावायचं. गुडघा मांडीच्या जोरावर उभा राहतो."

आप्पासोंनी आपली मांडी दाबून बघितली. मग म्हणाले, "म्हंजे कंडेन्सर. घरगुती मोटार चालू होताना त्यो नुसता ढकलतो. फिरायचं काम मोटारीचंच. येवढं साधं आदी का न्हाई सांगितलं?"

सांगितलं होतं, तीनदा. पण मंगलताई शहाण्या, त्यांनी टॉवेलची गुंडाळी पुढं केली.

त्या दिवसापासून आप्पासो मांडीच्या मागं लागले. पहिला आठवडा लय जड गेला, शिव्या टॉवेलला पडल्या. मग पाय दहा आकडे धरायला लागला, पुढं वीस. पायरी चढउतार सुरू झाली. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी रंगुबाईनं विचारलं, "जमंल का वो?" ते म्हणाले, "भ्या वाटतंय." चाळीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं हे त्यांच्या तोंडून ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दिग्विजय नानासोला घेऊन दुकानाशी आला, तर शटर वर. आप्पासो स्टुलावर बसून पकडी, हातोडी पुसत होते. गुडघा दुखत होता, नाही असं नाही. पण उचलताना सोबत कुणीच नव्हतं.

दिग्विजय नानासोकडं वळला. नानासोला कसं सांगावं, एवढंच त्याला सुचेना. नानासोच म्हणाला, "ऱ्हाऊ दे गड्या, माझ्या घरची मोटार आवाज करतीय, ती तेवढी बघा म्हणावं."

दिग्विजयनं खाली पाहिलं. बापाचे दोन्ही पाय अनवाणी होते, थंड फरशीवर चांगले टेकलेले.

"आप्पा, चप्पल?"

"घरी ठेवली," आप्पासो म्हणाले. "तू नारळ आण."