उपकेंद्रातली संत्री

शेंदूरजनाघाटजवळच्या एका खेड्यात निवृत्त शिक्षक उत्तमराव शनिवारी दुपारी अंगणात मुलांना शिकवत होते. सरकारने आरोग्यावर खर्च का करावा, हा आजचा धडा.

"माणूस धडधाकट असला, तर त्याच्या कामानं गाव वर येतं आणि गावागावानं देश."

गीतांजलीने हात वर केला. "गुरुजी, मंग आपल्या आरोग्य उपकेंद्रात तुमची संत्री काहून भरली?"

पोरं खुदकन हसली.

उत्तमराव म्हणाले, "नर्सबाई आठवड्यातून एकदाच येतात. एरवी खोली रिकामीच राह्यते ना!"

"आज आल्या हायेत. मायले सातवा महिना हाये, तपासणीले गेली होती. आत पाय ठेवाले जागा नाही. बाई म्हणे, उघड्यावर पोट कसं तपासू? माय परत तोडणीवर गेली. तुमच्याच बगीच्यात."

उत्तमरावांची मान खाली गेली. खोली त्यांनीच सरपंचाकडे मागितली होती. गुरुजींना नाही कोण म्हणणार?

संत्र्यांचे क्रेट उचलायला मुलांना हाक मारावी असं त्यांच्या मनात आलं, पण चूक आपली होती. ते एकटेच उठले.

"पोरी, मायले बोलावून आण. नर्सबाईले थांबा म्हण. मी खोली रिकामी करतो."