दांड्याची लसूण

तारेचं कुंपण ओढून झालं तेव्हा चंद्रीची लसूण पलीकडे गेली होती.

बारवी धरणाच्या वाटेवरच्या पाड्यात दोघा भावांची वाटणी झाली. थोरला चांगो, म्हणजे चंद्रीचा नवरा, आणि धाकटा हरिचंद्र. परसातला वाफा हरिचंद्राच्या वाट्याला गेला, आणि त्यात चंद्रीने दिवाळीनंतर लावलेल्या चार ओळी होत्या.

"चिमे, वाफा तुझा, कोन नाय बोलत. पन चार गड्डे बियाला तरी दे," चंद्री धाकट्या जावेला म्हणाली.

"जमिनीत हाय ता जमिनीचा, वैनी," चिमी तारेला गाठ मारत म्हणाली. "आनि जमीन आता कोनाची?"

ही लसूण बाजारातली नव्हे. मधोमध कडक दांडा येणारी ही जात चंद्रीच्या आईने घाटावरून आणलेली. आई गेली, आणि तिचं म्हणून एवढंच उरलं. या बियाला थंडी लागते, म्हणून चंद्री ते लावण्याआधी महिनाभर उल्हासनगरातून आणलेल्या जुन्या फ्रिजात ठेवायची. दुधाला वास लागतो म्हणून चांगो रोज करवादायचा. होतं नव्हतं ते सगळं बी त्या चार ओळींत गेलेलं.

"लसनीपायी भावाशी भांरू काय?" चांगोने विचारलं.

जमिनीच्या बोटभर बांधासाठी हाच गडी तीन दिवस मोजणीदाराच्या मागे फिरला होता! चंद्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दुपारी तिने भाकरी अशी थापली की चार घरं पलीकडे कळलं.

थंडी सरता सरता लसणीतून हिरवे दांडे वर आले आणि टोकाला वेटोळं घेऊ लागले. चिमी कुंपणाशी आली.

"वैनी, ह्यो दांडा मोरायचा का ठेवायचा गो?"

चंद्रीला आईचा शब्द आठवला: दांडा माजला की गड्डा मेला. वेटोळं पडलं की दांडा मोडायचा, मग गड्डा भरतो. तिने सुपातले तांदूळ दोनदा पाखडले.

"राहू दे गो. कवरा शोभतंय! फुला येतील. फक्त वालली का ती मना दे, आयच्या फोटोला लावीन."

"ने ना सगली! मना काय करायचीत?" चिमी उदार झाली.

एप्रिलात चिमीने लसूण उपटली. एकेक गड्डा बोराएवढा. चार फोडण्यांत आणि एका वाटणात सगळी संपली. सुकलेली फुलं मात्र तिने शब्दाप्रमाणे ओंजळभर आणून दिली.

चंद्रीने ती खरंच आईच्या फोटोला लावली. हात जोडले. मग खाली घेऊन सुपात चोळली, तर एकेका फुलातून ज्वारीएवढे वीस-वीस दाणे पडले. तेच बी. फुलातलं बी पिकायला दोन वर्षं लागतात. लागू देत, चंद्रीला कुठे गाडी पकडायची होती! पहिल्या वर्षी एकेका दाण्याची एकेक गोल पाकळी झाली. दुसऱ्या वर्षी दारापुढच्या पट्ट्यात दांडे वर आले, आणि तिने ते वेळेवर एकूणएक मोडले, कुंपणाकडे तोंड करून.

मुठीएवढे गड्डे पडवीत टांगले, त्याच्या चौथ्या दिवशी चिमी आली.

"वैनी, पेरायला दोन गड्डे दे गो. माझा तर बीच ऱ्हायला नाय."

"बस ना. तुना नाय बोलेन काय?"

चंद्रीने दोन चांगले मोठे गड्डे उतरवले. चिमी हसली. चंद्रीने पाकळ्या सुट्या केल्या, सोलल्या, पाट्यावर टाकल्या, मिरच्या आणि मीठ घातलं आणि वरवंटा धरला. चिमीचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"पाट्यावर हाय ता पाट्याचा," चंद्री म्हणाली, आणि लालभडक चटणीची वाटी तिच्या हातात दिली. "घे. भाकरीशी खा."