वास आला की ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला समोर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे हॉर्नबाई. गाडीचा हॉर्न बिघडला तरी चालेल, बाजूला बाई बसलीय ना, असं तिथं सगळ्यांचं म्हणणं. वाईट शिकवायची अशातला भाग नाही. तिच्या हाताखालून गेलेला माणूस अरुंद बोळातून गाडी मागं घेताना भिंतीला चुना लागू द्यायचा नाही. पण हाताखालून जाईपर्यंत तो टिकायला पाहिजे ना. क्लच जरा लवकर सुटला, गाडीनं गचका खाल्ला, की हिच्या तोंडाचा पट्टा सुरू. जिभेला हाड नाही आणि आवाजाला ब्रेक नाही.

त्या महिन्यात तिघं पळाले. पहिली नर्स होती. ती म्हणाली, दिवसभर डॉक्टर ओरडतात तेवढं मला पुरतं. दुसरा चांगला दांडगा दुकानदार, तो भर चौकात हमसून हमसून रडला. तिसऱ्यानं तर कमालच केली. सिग्नलला गाडी थांबली, यानं शांतपणे दार उघडलं आणि चालत घरी निघून गेला. मागचे सगळे बोंबलतायत, ड्रायव्हरची सीट रिकामी, आणि खाली क्लचपाशी त्याची एक चप्पल.

स्कूलचा मालक तिचा सख्खा मामा. त्यानं ती चप्पल टेबलावर ठेवली आणि सांगितलं, भाची म्हणून तीन सोडले. चौथा पळाला की गाडीची चावी इथं ठेवायची आणि काउंटरला बसून फॉर्म भरायचे.

काउंटर म्हणजे काचेच्या दाराशी एक डुगडुगतं स्टूल, एक स्टेपलर, शिक्क्याचं सुकलेलं पॅड आणि समोर भिंत. हॉर्नबाईनं आठ वर्षं गाडीत काढलेली. ती घरात खुर्चीवर दहा मिनिटं बसली तरी तिचा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. काउंटरला बसली असती तर महिन्याभरात भिंतीशी भांडली असती.

म्हणून ती थोरल्या बहिणीकडं गेली. ताई मसाज करायची, तिच्या कपाटात तेलांच्या पन्नासेक बाटल्या. ताईनं सगळं ऐकून घेतलं, म्हणाली, तुझा राग नाकाच्या शेंड्यावर, तेव्हा औषधही नाकातूनच देऊया. आणि लॅव्हेंडरची एवढीशी तपकिरी बाटली काढली. कापसाच्या बोळ्यावर तीन थेंब, जास्त नाही. तेल नुसतं अंगाला लावायचं नाही, भाजल्यासारखं होतं. गाडीची काच थोडी खाली ठेवायची. बोळा नाकाशी धरायचा आणि सावकाश श्वास घ्यायचा. ताई पुढं अजून काहीतरी सांगत होती, पण तोवर हिनं चपला घातल्या होत्या आणि निम्मा जिना उतरलीही होती. वरून आवाज आला, अगं अर्धंच ऐकलंस. हिनं खालून हात हलवला.

दुसऱ्या दिवशी नशिबानं शिंपीकाका पाठवले.

काका साठीला टेकलेले. पस्तीस वर्षं पायमशीन चालवलेली. बायकोचे गुडघे गेले होते, तिला तिच्या बहिणीकडं चढावरच्या घरी जाता येईना, म्हणून यांनी गाडी शिकायची ठरवलं. डोकं शाबूत, नजर सुईत दोरा ओवणारी, पण पाय मशीनचे. सीटवर बसले की दोन्ही पाय एका तालात खालीवर. क्लच, अ‍ॅक्सिलरेटर, क्लच, अ‍ॅक्सिलरेटर. गाडी रस्त्याला टीप घालत चालायची. वळण आलं की उजवा हात स्टिअरिंगवर एक थापटी मारायचा, मशीनचं चाक थांबवतात तशी.

हॉर्नबाईच्या पायाच्या अंगठ्यापासून राग निघाला. गुडघ्यापर्यंत आला, पोटात आला, गळ्याशी आला. तिनं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला, बोळ्याची डबी उघडली, बोळा नाकाशी धरला, डोळे मिटले. दहा आकडे मोजले. डोळे उघडले तेव्हा राग गळ्यातच होता, पण बाहेर पडला नव्हता. ती म्हणाली, “काका, चला.” बस्स, एवढंच. तिचं तिलाच खरं वाटेना.

अकरा दिवस असे गेले. मामानं काउंटरवरनं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून टाकलं की आमची भाची आता गाय झालीय.

पण गाडीत भलतंच चाललं होतं. चौथ्या दिवसापासून तिनं डबीला हात लावला की काकांचा पाय ब्रेकवर. हिला वाटलं, वा, काका सावध झाले. सहाव्या दिवशी डबी उघडायच्या आधीच ब्रेक, कारण वास सीटच्या कापडात मुरला होता. सकाळच्या बॅचची कॉलेजची पोरगी चांगली तिसऱ्या गिअरपर्यंत पोचलेली, ती परत पहिल्यावर आली आणि वर तळहाताला घाम. एक बँकवाला तर गाडीत बसायच्या आधी बाहेर उभा राहून खिडकीतून हुंगायचा. कोणाचंच पाऊल पुढं पडेना. मग हिला आणखी राग यायचा, मग तीनाचे सहा थेंब व्हायचे. इकडं थेंब वाढले, तिकडं गिअर उतरले. दोन गोष्टी शेजारी शेजारी बसल्या होत्या, पण हिला काही त्या दिसल्या नाहीत.

बाराव्या दिवशी काकांची परीक्षा. मोठं मैदान, त्यावर पांढऱ्या पट्ट्यांनी आखलेला आठाचा आकडा, कोपऱ्यात एक चढ, आणि टेबलाशी एक काटकुळा इन्स्पेक्टर. मामाही आला होता, बाकीच्यांच्या फायली घेऊन. काकांचा चेहरा धुतलेल्या मांजरपाटासारखा पांढरा. हॉर्नबाईला त्यांची दया आली. तिनं बाटली काढली आणि त्यांच्या शर्टाच्या कॉलरवर चांगले दहा थेंब टाकले.

“मन शांत राहतं, काका,” ती म्हणाली.

काकांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं कॉलर धरलीय.

इन्स्पेक्टर बाजूला बसला. काकांनी गाडी सुरू केली. पाय ब्रेकवर. इन्स्पेक्टर म्हणाला, चला. पाय ब्रेकवरच. इन्स्पेक्टर परत म्हणाला. काकांच्या कपाळावर घामाचे मणी. खिडकी उघडी होती, त्यामुळं बाहेर उभ्या हॉर्नबाईला प्रत्येक शब्द ऐकू आला.

“साहेब, माझं काय चुकलं?”

“अजून तुम्ही काही केलंच नाही.”

“मग वास कसला येतोय?”

इन्स्पेक्टरनं पेन खाली ठेवलं. त्यानं बाईला बोलावून सांगितलं की तुमचा माणूस हलत नाहीये, पुढच्या दोघांची परीक्षा होईपर्यंत त्याला ठिकाणावर आणा, नाहीतर नापास लिहितो.

तिनं काकांना मैदानाच्या कडेला नेलं. राग आला होताच, हात सवयीनं डबीकडं गेला, आणि काका दोन पावलं मागं सरकले. तेव्हा कुठं तिच्या डोक्यात उजेड पडला.

काका हात जोडून म्हणाले, “मॅडम, तुम्ही आधी ओरडायच्या म्हणे. ते परवडलं असतं हो. निदान कळलं असतं काय चुकलं ते. तुम्ही बोळा काढता, डोळे मिटता, बोलत काहीच नाही. मला वाटतं माझ्या हातनं कोणीतरी मेलं. आज नाही जमलं तर मी नाद सोडला. उद्यापासून येणार नाही.”

चौथा. आणि मामा दहा पावलांवर.

तिनं ताईला फोन लावला, भडाभडा सांगितलं. ताई आधी पोटभर हसली. मग म्हणाली की तेलाचा काय दोष, राग आल्यावरच हुंगलंस तर वासाला रागच चिकटणार. जिन्यात हेच तर ओरडून सांगत होते. सकाळी कोणी काही बिघडवलेलं नसतं, तेव्हा शांत बसून हुंगायचं, रोज, म्हणजे नाकाला तो वास स्वस्थपणाचा वाटतो.

“असा वेळ मला कधी असतो?”

“म्हणून तर तुला तेल लागतं,” ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

दोनातल्या एकाची परीक्षा संपत आलेली. काका घसा खाकरून म्हणाले, “तुम्ही एकदा सांगूनच टाका ना, माझं काय काय चुकतं ते.”

तिनं मामाकडं बघितलं. ओरडली तर काउंटर. नाही ओरडली तर काका जाणार, तरी काउंटर. मग गप्प राहून मरण्यात काय अर्थ. तिनं हळू आवाजात सुरुवात केली, पण अकरा दिवसांचा साठा होता, दुसऱ्याच वाक्याला बांध फुटला. डावा पाय क्लचवर ठेवून नाचवू नका, काम झालं की खाली जमिनीवर ठेवा. उजवा पाय एकटा काम करतो, त्याला जोडीदार नको. स्टिअरिंगला थापट्या मारू नका, ते काही तुमचं नातवंड नाही. आरशात मागचं बघायचं असतं, भांग नाही. आणि दुसऱ्या गिअरवर गाडी रडायला लागली की तिसरा टाका, तिचे हाल बघत बसू नका. सगळं मैदान वळून बघायला लागलं. मामाच्या हातातली फाईल खाली पडली.

काकांनी मात्र खिशातनं मापाची वही काढली होती. कानामागची पेन्सिल जिभेला लावून ते लिहीत होते. डावा पाय, जमिनीवर. उजवा, एकटा. ती थांबली तसं त्यांनी वर बघितलं. चेहऱ्यावर रंग आला होता.

“एवढंच? मला वाटलं होतं फार असेल.”

मग त्यांनी खिशातनं छोटी कात्री काढली, शर्टाची कॉलर सर्रसर्र उसवली आणि वास येणारा तो तुकडा बाईच्या हातात दिला. अर्ध्या मिनिटाचं काम. टेबलाशी सांगून गाडी बदलून मिळाली, तिच्या काचा खाली होत्या आणि आत फक्त पेट्रोलचा वास. काका बिनकॉलरचे तिच्यात बसले.

गाडीनं एक गचका खाल्ला, एकच. मग डावा पाय खाली गेला असावा, कारण टीप घालणं थांबलं. आठाचा आकडा त्यांनी असा काढला जसा खडूनं कापडावर काढतात. चढावर गाडी थांबवली, उचलली, मागं एक वीतही आली नाही. सरळ पट्ट्यावर तिसरा गिअर पडला तेव्हा हॉर्नबाईनं हातातली कॉलर पिळून काढली. इन्स्पेक्टरनं उतरून टेबलाशी जाऊन सही केली.

काका आनंदानं गाडीतनं जवळजवळ उडी मारूनच उतरले आणि वही नाचवत तिच्याकडं निघाले. त्यांच्या मागं गाडीही निघाली. हळूहळू, कोणी बोलावल्यासारखी, टेबलाच्या दिशेनं.

“हँडब्रेक!”

मैदानावरच्या बाकीच्या नऊच्या नऊ गाड्या जागच्या जागी थांबल्या. थांबली नाही ती फक्त काकांची. काका वळले, धावले, दारातनं अर्धे आत घुसले आणि ओढला. बंपर टेबलापासून हातभर अंतरावर थांबला. इन्स्पेक्टरनं गाडीकडं बघितलं, मग कागदावरच्या सहीकडं बघितलं, आणि शाई वाळलीय का ते बोटानं बघून म्हणाला की सही झाल्यानंतरचं आम्ही बघत नाही.

मामा फायली गोळा करून तिच्यापाशी आला. उजव्या कानात बोट घालून हलवत होता.

“उद्या सातला ये.”

“काउंटरला?”

“हा आवाज काउंटरला बसवू?” मामा म्हणाला. “काच फुटली तर कोण भरून देणार?”