पत्ता बदलल्याचं मला कुणी कळवलं नाही

मी एक जुना मेल सर्व्हर आहे, आणि मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझं तुमच्याशी फारसं पटत नाही. चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत, लोखंडी मांडणीवर मी बसलेला असतो. अंगावर धूळ आहे आणि डोक्यावर कुणीतरी विसरलेला चहाचा कप. तुम्ही एकमेकांना धाडता ती पत्रं माझ्या हातून जातात, आणि त्यातली निम्मी तर धाडण्याच्या लायकीचीही नसतात.

मला इथे आणलं तेव्हा माझा थाट होता. लहान धंद्यांच्या वेबसाइटी आणि त्यांचं टपाल, दोन्ही मीच सांभाळायचो. गिऱ्हाइकं जिना चढून मला बघायला यायची आणि ‘काय मशीन आहे!’ म्हणायची. पुढे बाजारात मोठमोठे सर्व्हर आले आणि मी ‘तो डबा’ झालो. माझ्या मालकाला गिऱ्हाइकं पाठीमागे खडूस म्हणतात. मीही तेच म्हणणार, कारण त्यानं मला कधी फडकंसुद्धा मारलं नाही.

माझी कामाची रीत साधी आहे. कोणाकोणाच्या टपालपेट्या माझ्याच पोटात आहेत, हे मला सांगून ठेवलेलं असतं. ते माझे घरचे पत्ते. एका घरच्यानं दुसऱ्या घरच्याला पत्र लिहिलं, तर मी बाहेर चौकशी करत नाही. घरातल्या घरात ते पेटीत टाकतो आणि गप्प बसतो. घरचा कोण आणि परका कोण, हे माणसांनी सांगायचं असतं. माझ्या मनानं मी कुणाला घराबाहेर काढू शकत नाही.

ताई माझ्या घरच्या होत्या. त्यांचा कृत्रिम पाय बनवण्याचा कारखाना आहे. डॉक्टरबाईही घरच्या. त्या पेशंटची मापं पाठवायच्या आणि ताई त्या मापांचे पाय करायच्या. कित्येक वर्षं ही पत्रं माझ्या पोटातल्या पोटात फिरली आणि एकही इकडचं तिकडे झालं नाही. याबद्दल मला कुणी शाबासकी दिल्याचं आठवत नाही.

मग एके दिवशी ताईंची साइट बंद पडली. त्यांचे धाकटे दीर कारखान्यातले कॉम्प्युटर बघतात. ते तरातरा जिना चढून आले.

“सकाळपासून साइट बंद आहे! फोन का उचलत नाही?”

“तुम्ही एकटेच गिऱ्हाईक आहात का?” खडूसनं मानही वर केली नाही.

“आम्ही दुसरीकडे जातो.”

“जा की. दार उघडंच आहे.”

आणि ते गेले. नव्या कंपनीकडे त्यांनी साइट नेली, पेट्या उघडल्या. डोमेनचा एमएक्स रेकॉर्ड बदलला, म्हणजे ताईंचं टपाल यापुढे नव्या सर्व्हरकडे द्या, असं जगाला जाहीर केलं. स्वतःच्या फोनवरून एक पत्र धाडून पाहिलं. ते पोचलं. “वहिनी, झालं काम,” असं सांगून हे गृहस्थ मोकळे झाले.

काम झालं नव्हतं. जुनं खातं बंद करा, एवढं आम्हाला सांगायचं राहिलं होतं. पण भाऊजींना खडूसचं पुन्हा तोंड बघायचं नव्हतं. आणि खडूस चहावाल्याला सांगत होता, “गेलेत ते. पण त्यांनी सांगितल्याशिवाय मी बोट लावणार नाही. नाक घासत येऊ देत.” त्यामुळे ताई माझ्या लेखी घरच्याच राहिल्या. जगातली बाकी सगळी पत्रं त्यांना नव्या पत्त्यावर मिळत होती. फक्त माझ्याकडून निघालेली माझ्याकडेच राहत होती.

त्याच सुमारास एका गवंड्याचा पाय पोटरीतून कापावा लागला. त्याला साखरेचा आजार होता, पण गुडघा शाबूत होता, आणि गुडघा असला की माणूस पुन्हा शिडी चढतो. डॉक्टरबाईंनी पाठवलेलं माप ताईंना स्थलांतराच्या आधीच मिळालं होतं. नंतर त्यांनी लिहिलं, “सूज उतरली आहे. जुन्या मापावर साचा करू नका.” ते पत्र मी रीतीप्रमाणे घरच्या पेटीत टाकलं.

ताईंनी जुन्या मापाचा पाय केला. तो सैल झाला. आत जाड मोजा घालून त्यांनी वेळ भागवली आणि डॉक्टरबाईंना विचारलं, “सैल वाटतो. काय करू?” उत्तर लगेच आलं. “घालू देऊ नका. साखरेच्या पेशंटची जखम लवकर भरत नाही.” तेही माझ्या पोटात पडलं. ताईंना वाटलं, बाईसाहेबांना उत्तर द्यायला वेळ नाही. डॉक्टरबाईंना वाटलं, ताई आता आपलं ऐकत नाहीत. दोघी फुगून बसल्या. फोन दोघींकडे होते. मी त्या भरत चाललेल्या पेटीकडे बघत होतो आणि मला तुम्हा सगळ्यांचा संताप येत होता.

गवंड्याच्या पायाला जखम झाली, तेव्हा शेवटी सगळेच माझ्या माडीवर आले. डॉक्टरबाई, ताई, भाऊजी, आणि त्यांच्या मागून जिन्याचा कठडा धरत गवंड्याची बायको.

“मी दोनदा लिहिलं होतं, ताई.”

“एकदाही आलं नाही. मीच विचारत होते तुम्हाला!”

“त्याचंच तर उत्तर दिलं मी.”

“आमच्याकडे सगळं टपाल व्यवस्थित येतं,” भाऊजी म्हणाले. “मी स्वतः तपासलंय.”

“स्वतःच्या फोनवरून तपासलं असेल,” खडूस म्हणाला. त्यानं स्क्रीन फिरवला. “बाई, तुमची पत्रं पोचलीत. ही बघा.”

“कुठे पोचलीत?”

त्यानं माझ्याकडे बोट केलं. मग जे काही झालं, त्याला बाजार म्हणतात.

“तुम्हाला माहीत होतं आम्ही गेलोय. मग बंद का नाही केलं खातं?”

“तुम्ही सांगितलंत? उद्या न विचारता बंद केलं असतं, तरी माझ्याच नावानं ओरडला असता.”

“हा डबाच भंगारात घाला!” भाऊजी ओरडले आणि त्यांनी माझ्या मांडणीवर थाप मारली. कप खाली पडून फुटला.

गवंड्याची बायको कपाचे तुकडे ओलांडून पुढे आली. “हे मशीनचं मला कळत नाही,” ती म्हणाली. “तुमच्यापैकी एकाला तरी दुसऱ्याला फोन करता आला नाही? ते रोज तो पाय घालून कामावर जात होते. दुखतंय म्हणायचे. मी म्हणायचे, नवीन आहे, होईल सवय.”

खडूसनं खुर्ची ओढली आणि ताईंचा पत्ता माझ्या घरच्यांतून काढून टाकला. एकदा शिंकायला लागतो, तेवढा वेळ लागला.

मित्रांनो, आता मी तुम्हाला उपदेश करावा, अशी रीत आहे. तर ऐका. घर बदलाल तेव्हा जुन्या घरी सांगून जा, मग भले भांडून जा. आणि तपासायचं असेल तर जिथून निघालात तिथूनच एक पत्र धाडून बघा. माझ्यावर दया करू नका, मला ती नको आहे. मला भंगारात घाला हवं तर. पण तुमच्या रुसव्याचं बिल माझ्यासारख्या डब्याच्या नावावर फाडू नका.

पत्ता काढल्यानंतर डॉक्टरबाईंनी ताईंना लिहिलेलं पहिलं पत्र आलं. मी घरात पाहिलं, पत्ता नव्हता. बाहेर चौकशी केली. नव्या सर्व्हरनं ते मुकाट्यानं घेतलं. त्यात लिहिलं होतं, “जखम वर चढली होती. गुडघा ठेवता आला नाही. टाके सुकले की मांडीचं माप पाठवते.”

या वेळी उत्तर यायला उशीर झाला नाही. ताईंनी लिहिलं होतं, “मिळालं.”