फुकटच्या फळीवरचा केक

वहिनीच्या पाठपिशवीला कुलूप होतं. पिशवी ज्या लोखंडी कपाटात ठेवायची त्याला दुसरं कुलूप, आणि दोन्हींच्या किल्ल्या गळ्यातल्या दोरीला. पासपोर्ट कमरेच्या पट्ट्यात. आंघोळीला जाताना पट्टा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ती आत न्यायची. विमा कंपनीत नुकसानभरपाईचे दावे तपासणं हे तिचं काम, म्हणजे जगात काय काय वाईट घडू शकतं तेच ती दिवसभर वाचायची. अशी बाई परदेशात जाऊन, आठ अनोळखी पोरापोरींबरोबर एका खोलीत दुमजली खाटांवर झोपायला निघाली कशाला, असं कोणीही विचारेल.

ती निघाली नणंदेपायी. नणंदेला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण जेवायला बसली तरी तिचा एक पाय उभा असायचा. शिक्षण संपल्याबरोबर भिंगरीने जाहीर केलं, की आता वर्षभर एकटीने देशोदेशी फिरायचं, हॉस्टेलात नाहीतर मळ्यात मिळेल ते काम करायचं आणि पोट भरायचं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दोन महिने घरात धुसफूस चालली आणि शेवटी तह झाला. आधी वहिनीबरोबर थोडे दिवस जाऊन यायचं. पोरगी एकटीने राहण्याजोगी आहे की नाही, ते वहिनी सांगेल. ती हो म्हणाली तर जा, नाही म्हणाली तर मुकाट्याने नोकरी शोध.

"माझ्या पोरीच्या डोक्यात वारं भरलंय," सासूबाई निघताना वहिनीच्या कानात म्हणाल्या. "तू आहेस म्हणून सोडतेय. डोळ्यांत तेल घालून बस."

वहिनीने तेल घातलं ते चांगलं वाटीभर घातलं. भिंगरीने कोणाशी दोन शब्द बोलावेत आणि वहिनीने मध्ये येऊन विचारावं, "हे कोण?" भिंगरीने पाण्याची बाटली टेबलावर ठेवावी आणि वहिनीने ती उचलून ओतून टाकावी. उघडी राहिलेली बाटली प्यायची नाही, हा तिचा नियम. तसे नियम बरेच होते आणि रोज सकाळी त्यांची उजळणी व्हायची.

खरी डोकेदुखी होती हॉस्टेलची गच्ची. ऊन कललं की सगळी पोरं तिथे जमायची. कोणी गिटार वाजवायचं, कोणी झोपाळ्यात पडून राहायचं, आणि जेवणानंतर बडीशेपेची वाटी फिरावी तशी कसलीकसली डबी हातोहात फिरायची. असल्या वस्तूंपायी या देशात थेट तुरुंग आहे, असं विमानतळावर हातभर अक्षरांत लिहिलेलं वहिनीने स्वतः वाचलं होतं. आणि भिंगरी जाऊन बसायची नेमकी त्या घोळक्यात! तिचं खिदळणं खाली खोलीपर्यंत ऐकू यायचं. वहिनी खाटेवर बसून मनातल्या मनात निकाल लिहायची. आठवडा संपायच्या आत तो पक्का झालाही होता. आई, पोरगी मनाने चांगली आहे, पण अजून दोन वर्षं थांबा.

वाईट तिलाही वाटत होतं. भिंगरीचा जीव या एका वर्षात अडकलेला तिला दिसत होता. पण जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

हॉस्टेलमधली एकच गोष्ट वहिनीला मनापासून आवडली होती, ती म्हणजे स्वयंपाकघरातली फुकटची फळी. पुढच्या गावाला निघालेले लोक उरलेलं सामान त्या फळीवर ठेवून जात. अर्धी साखर, मूठभर तांदूळ, जॅमची तळाला आलेली बाटली. ज्याला हवं त्याने घ्यावं. फुकट ते पौष्टिक, असं म्हणत वहिनी रोज तिथे एक फेरी मारायची. त्यात चिकटपणा नव्हता बरं का. अन्न वाया जाताना तिला बघवतच नसे.

त्या दिवशी दुपारी भिंगरी बसची तिकिटं काढायला गेली होती. फळीवर पुठ्ठ्याच्या डब्यात केक होता, अर्ध्याहून जास्त उरलेला. डब्यावर कोणीतरी हिरव्या पेनाने छान पान काढलं होतं. वहिनीला फार बरं वाटलं. परक्या देशात कोणीतरी आठवणीने शाकाहारीची खूण करून ठेवली! तिने एक तुकडा खाल्ला. जरा कडवट होता, गवताचा वास होता, पण पौष्टिक गोष्टींची चव अशीच असते. संध्याकाळपर्यंत हा शिळा होणार आणि मग कचऱ्यात जाणार. तिने दुसरा तुकडा घेतला, मग तिसरा. शेवटी डबा बोटाने निपटून केराच्या टोपलीत टाकला आणि कपडे धुवायला गेली.

मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालताना तिला मोज्यांची दया आली. जन्मभर दोघं बरोबर, आणि त्यातला एक धुण्यात हरवला की दुसऱ्याला कोणी विचारत नाही. या विचाराचं तिला हसू आलं. हसू थांबेना. मग तोंडाला कोरड पडली, आणि हातातला चिमटा दोरीपर्यंत पोचायला फार वेळ लागतोय असं वाटायला लागलं. मग छातीत धडधड सुरू झाली. ती काही केल्या कमी होईना आणि वहिनीच्या पाचावर धारण बसली. आपण मरतोय याबद्दल तिला शंका उरली नाही. दोरीवरचे कपडे आता कोण काढणार, याची मात्र काळजी वाटली.

"भिंगरे!" ती ओरडली. म्हणजे ओरडली असं तिला वाटलं.

नशीब की भिंगरी तेवढ्यात परत आली होती. अंगणात फरशीवर बसलेली वहिनी बघून ती धावली, आणि धावत आलेली ती नेहमीची भिंगरी राहिली नाही. तिने समोर बसून वहिनीचे दोन्ही हात धरले.

"वहिनी, माझ्याकडे बघ. काय खाल्लंस?"

"केक."

"कुठला केक?"

"फळीवरचा. डबा टोपलीत आहे."

भिंगरीने जाऊन डबा आणला, हुंगला, झाकणावरचं पान बघितलं आणि डोळे मिटून घेतले. "वहिनी, यात गांजा आहे."

"नाही गं, शाकाहारी आहे," वहिनी म्हणाली. "पान काढलंय बघ."

"किती खाल्लास?"

"सगळा. टाकायचा कसा?"

तोवर गच्चीवरची दोन-चार पोरं खाली आली होती. त्यांत लोकरीची टोपी घालणारा एक मुलगा होता. भर उन्हातही टोपी घालायचा, पण स्वभावाने गरीब. तो हळुवारपणे म्हणाला, की डॉक्टर वगैरे काही नको, उगाच भानगड होईल, पोलीस येतील. ही घ्या गोळी, शांत झोप लागेल आणि उठल्यावर सगळं ठीक असेल. त्याने खिशातून एक पांढरी गोळी काढून वहिनीच्या तळहातावर ठेवली.

वहिनीला तो देवदूत वाटला. उघडी बाटली ओतून टाकणारी, ताकसुद्धा फुंकून पिणारी ही बाई अनोळखी खिशातली गोळी तोंडाकडे न्यायला लागली. भिंगरीने तिचं मनगट धरलं, मूठ उघडली आणि गोळी काढून घेतली.

"कसली आहे?" तिने टोपीवाल्याला विचारलं. "कुठे घेतलीस?"

त्याने खांदे उडवले. मित्राने दिली होती म्हणाला.

"दे गं ती," वहिनी काकुळतीला आली. "डॉक्टर नको. पोलीस येतील. आपल्याला आत टाकतील. आईंना कळेल!"

"आईला कळेल म्हणून मरायचं का?" भिंगरी म्हणाली. "गप बस. मी आहे ना."

मी आहे ना! हे वाक्य आजवर वहिनी म्हणत आली होती. आता तेच ऐकताना तिला रडू फुटलं, आणि रडता रडता फार सुरक्षित वाटलं.

भिंगरी तिला धरून आत घेऊन गेली आणि काउंटरवरच्या बाईंना तिने सगळं खरं सांगितलं. काय खाल्लं, किती खाल्लं, कुठून आलं. बाई जरा घुटमळल्या. हॉस्टेलचं नाव खराब होईल, थोडा वेळ वाट बघू या का, म्हणाल्या. भिंगरी म्हणाली, "डॉक्टर आल्यावर तुमचं नाव चांगलंच होईल. माझ्या वहिनीला काही झालं तर मात्र होणार नाही." बाईंनी फोन उचलला.

आलेल्या डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या आणि बोलायला सरळ. "मी डॉक्टर आहे, पोलीस नाही," त्या आधी म्हणाल्या. "माझ्यापासून काही लपवू नका." त्यांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली. वर आणखी काही दिलंत का, हे त्यांनी दोनदा विचारलं. भिंगरीने कागदात गुंडाळून ठेवलेली गोळी पुढे केली. देत होते, पण मी घेऊ दिली नाही, म्हणाली.

"फार बरं केलंस," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात काय आहे ते देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. केकचा अंमल आपोआप उतरेल. त्यावर ही गोळी पोटात गेली असती आणि हिचा श्वास मंदावला असता, तर तुम्ही सगळे गाढ झोप लागली म्हणून हिच्याभोवती बसून राहिला असता."

टोपीवाला दारात उभा राहून ऐकत होता. त्याने टोपी काढली.

थोडंथोडं पाणी द्या, एकटीला सोडू नका, श्वास जड झाला किंवा उठवून उठली नाही तर लगेच कळवा, असं बजावून डॉक्टरीणबाई गेल्या. भिंगरी एरवी एका जागी दहा मिनिटं बसत नसे. ती वहिनीच्या उशाशी बसली ती हललीच नाही.

"मी जिवंत आहे ना गं?" वहिनी मधूनमधून विचारायची.

"आहेस."

"नक्की?"

"मेलेल्या माणसाची एवढी बडबड नसते."

सकाळी वहिनीला जाग आली तेव्हा डोकं जड होतं, पण छाती शांत होती आणि भूक मरणाची लागली होती. भिंगरी भिंतीला टेकून जागीच होती. डोळे लाल, केस विस्कटलेले. वहिनीला एकदम तिची माया आली.

"तुला हे सगळं ठाऊक कसं?" तिने विचारलं.

"गच्चीवर बसून. तिथे नुसतं फुंकत नाहीत वहिनी, बोलतातही. कुठल्या गावात कोणाला काय झालं, कोणाला वेळेवर दवाखान्यात नेलं, कोणाला नेलं नाही. मी ऐकत बसायचे."

"आणि तू कधी…?"

भिंगरीने नखं बघितली. "एकदा. एक झुरका. एवढी खोकले की सगळे हसले. त्यानंतर मी नको म्हणते आणि ते विचारत नाहीत. तुला सांगणार होते, पण तू आधीच इतकी घाबरलेली असायचीस."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं वहिनीच्या मनात आलं आणि तिला हसू फुटलं. या वेळी ते तिचं स्वतःचं हसू होतं.

दुपारी सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. फोन कसा धरायचा हे त्यांना अजून जमलेलं नव्हतं, त्यामुळे पडद्यावर नुसतं कपाळ आणि कुंकू दिसायचं. भिंगरी खिडकीशी कपड्यांच्या घड्या घालत होती. पाठ इकडे, कान इकडेच.

"काय म्हणते आमची बया?" सासूबाईंनी विचारलं. "सोडण्यासारखी आहे का एकटीला? खरं सांग. नातं बघू नकोस."

"आई, तिला पाठवा," वहिनी म्हणाली. "एकटीला पाठवा. मला मात्र एकटीला कुठे पाठवू नका."

आणि तिने सगळं सांगितलं. फळी, केक, मोजे, गोळी, डॉक्टरीणबाई, हिरवं पानसुद्धा. फक्त तो एक झुरका गाळला. सांगताना तिचे कान गरम झाले होते. घरात शहाणी, जबाबदार म्हणून मिळवलेलं नाव एका केकपायी चाललं होतं, आणि घालवत होती तीच.

पलीकडे कपाळावर आठ्या चढल्या.

"जीव कसा आहे आता?" सासूबाईंनी विचारलं.

"बरा आहे, आई."

"किती उरला होता गं तो केक?"

"अर्ध्याहून जास्त."

"आणि सगळा खाल्लास?"

"टाकवेना."

सासूबाईंचा फोन खाली आला आणि पहिल्यांदाच त्यांचा पूर्ण चेहरा दिसला. डोळे भरलेले होते. "हे माझ्याच घरात शिकलीस," त्या म्हणाल्या. "आल्या दिवसापासून बघतेय. रात्रीची पोळी तुझ्या पानात, तळाचा भात तुझ्या पानात, आदल्या दिवशीची भाजी तुझ्याच पानात. मला वाटायचं, तुला आवडतं."

खिडकीशी घड्या थांबल्या होत्या.

"नाही आवडत, आई," वहिनी म्हणाली. लग्नाला पाच वर्षं झाली, पण हे वाक्य ती आजच पहिल्यांदा बोलली.

"मग सांगायचं नाही का गं पोरी?" सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. "एवढ्या लांब जाऊन विष खाल्ल्यावर सांगतेस! ये लवकर घरी. जे काय उरेल ते आपण दोघी मिळून वाटून खाऊ, नाहीतर तुझ्या नवऱ्याला घालू. आणि त्या भिंगरीला सांग, जा म्हणावं."