गाठीगाठीला नाव

"पाटाच्या लग्नात मुंडावल्या? भागू, डोका ठिकानावर हाय का तुजा?"

सत्यवतीने चहाचा कप ओट्यावर आपटला. भागुबाईने मान वर केली नाही. ती अबोलीचे देठ सारखे करत होती आणि ते काम नणंदेच्या रागापेक्षा नाजूक होतं.

"ठिकानावर हाय, वन्स. पोरीच्या लग्नात मुंडावल्या बांदायच्या न्हायत, तं कुठं बांदायच्या?"

"पोर न्हाय ती, सून हाय. माज्या भाच्याची बायको."

"व्हती," भागुबाई म्हणाली. एवढा एक शब्द बोलून तिला पाण्याचा घोट घ्यावा लागला.

नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लग्न म्हणजे पाट, आणि पाटाला वाजंत्री नाही, मुंडावळ्या नाहीत. दिवा लागल्यावर चार माणसांत उरकून घ्यायचं, ही या घराची जुनी रीत. सत्यवती या घरची माहेरवाशीण, त्यामुळे रीत राखायचा मक्ता तिच्याकडे होता. "बांद तू. मी मांडवात पाय ठेवनार न्हाय," असं तिने ठणकावलं. मात्र चार दिवस आधी येऊन टाकलेली आपली पिशवी काही तिने उचलली नाही.

नागावच्या एसटी थांब्याजवळ भागुबाईचं फुलांचं दुकान. दुकान म्हणजे एक फळी, वर ताडपत्री आणि खाली पाण्याची बादली. पण तीस वर्षांत गावातली क्वचितच एखादी नवरी तिच्या फुलांशिवाय बोहल्यावर चढली असेल. वेणी सांगायला येणाऱ्याला ती किती हात हवी ते विचारायची नाही. ती विचारायची, "पोरगी कशी हाय?" आणि मग फूल ठरवायची. मोठ्या खटल्यात पडणाऱ्या मुलीला अबोली, कारण अबोलीला वास नसला तरी ती दोन-तीन दिवस मान टाकत नाही. लाडाकोडात वाढलेलीला सोनचाफा, म्हणजे सासरच्यांना आधीच कळावं की हे फूल फार हाताळलं की काळं पडतं. प्राजक्त लग्नाला ती कधीच द्यायची नाही. जे फूल सकाळी झाडावर थांबत नाही ते बोहल्यावर काय थांबणार, असा तिचा रोकडा हिशेब होता.

मुंडावळ्यांची मात्र तिची वेगळी तऱ्हा होती, सासूने शिकवलेली. केळीच्या सालपटाचा ओला धागा घ्यायचा, एक गाठ नवरीचं नाव घेऊन मारायची, पुढची नवऱ्याचं. शेवटपर्यंत असंच. नाव न घेता बांधली तर तो नुसता गजरा, मुंडावळी नव्हे. सहा वर्षांपूर्वी याच अंगणात तिने सोनचाफ्याच्या मुंडावळ्या बांधल्या होत्या, तेजस्वी आणि प्रणय अशी नावं घेत. प्रणय तिचा एकुलता एक. दोन वर्षांनी त्याचा ट्रेलर वडखळच्या वळणावर उलटला.

त्यानंतर तेजस्वी चार महिने कोणाशी बोलली नाही. माहेरच्यांनी नेलं, तर आठव्या दिवशी परत आली आणि मागच्या दाराशी बसून राहिली. भागुबाईने तिला समजावलं वगैरे नाही. तिने सुनेच्या हातात खुरपं दिलं आणि विहिरीच्या कडेला मोगऱ्याच्या काड्या लावायला सांगितल्या. पावसाळा सरला, थंडी सरत आली, तेव्हा म्हणाली, "आता छाट." हिरवीगार झाडं छाटायला तेजस्वीचा हात धजेना. "छाटल्याबिगर मोगऱ्याला कली येत न्हाय," एवढंच भागुबाई बोलली. यातला अर्थ फोडून सांगायला ती काही कीर्तनकार नव्हती. त्या उन्हाळ्यात झाडांना कळ्या आल्या आणि तेजस्वी दुकानावर बसू लागली.

दुकानावर बसू लागली म्हणूनच हर्षदचं जमलं. तो रेवसचा, भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचवर इंजिन सांभाळायचा. लाँचला हार हवा म्हणून दर गुरुवारी मोटरसायकलवरून नागावला यायचा. महिनाभर भागुबाईने बघितलं आणि मग विचारलं, "काय रं, रेवसला फुला मिलत न्हायत?"

"मिलतात," हर्षद म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

तेजस्वी तेव्हा खाली मान घालून झेंडू मोजत होती. मोजलेलेच झेंडू ती तिसऱ्यांदा मोजत होती हे भागुबाईच्या नजरेतून सुटलं नाही. त्याच संध्याकाळी तिने स्वतः विषय काढला. तेजस्वी रडली, नको म्हणाली, पुन्हा रडली. "मंग तुमी एकट्या?" असंही म्हणाली. भागुबाईने तिला दटावलं, पण खरं सांगायचं तर तोच प्रश्न तिलाही रात्रंदिवस खात होता. तरी तिने ठरवलं ते ठरवलं. द्यायची तर पूर्ण द्यायची, पहिल्या लग्नासारखी, भर दुपारी, वाजतगाजत, मुंडावळ्या बांधून. अर्धीमुर्धी द्यायची नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी तेजस्वीने विचारलं, "आई, मना कुठली फुला?"

"मोगरा. तुज्या हातचा."

"सोनचाफा नको?"

"नको. त्या लग्नातला एक पन फूल नको या लग्नात." मग जरा नरमून ती म्हणाली, "मोगरा सांजच्याला उमलतो, बाय. उशिरा उमलतो, पन सगल्या घराला कलतो."

लग्नाच्या दिवशी सकाळी मागच्या पडवीत भागुबाई केळीचं पान पुढ्यात घेऊन बसली. मांडवात सनई सुरू झाली होती, आचाऱ्याचा आरडाओरडा चालला होता. तिचं कशाकडे लक्ष नव्हतं. कळी, कळी, गाठ. हात आपोआप चालत होते आणि ओठ हलत होते. एक मुंडावळी झाली, दुसरी अर्ध्यावर आली. तेवढ्यात कुंकवाचं ताट घेऊन सत्यवती दारात आली आणि तिथेच थबकली.

"भागू," ती हळूच म्हणाली, "कोनाचा नाव घेतेस गो?"

भागुबाईचे हात थांबले. आत्ता मारलेली गाठ बोटांत होती आणि तिच्यावर घेतलेलं नाव अजून ओठांवर होतं. प्रणय. मागच्या गाठीला तेच. त्याच्या मागच्यालाही तेच. दीड मुंडावळी तिने तेजस्वी आणि प्रणय, तेजस्वी आणि प्रणय असं म्हणत बांधली होती.

"मी न्हाय घेत, वन्स," ती कशीबशी म्हणाली. "त्योच येतोय तोंडात." आणि इतके दिवस पाहुण्यांदेखत, हसत, हुकूम सोडत वावरलेली ती बाई पदर तोंडात कोंबून रडली. पोराच्या बायकोला उजवायला निघालेल्या आईला कोणी वाईट म्हणालं असतं, कोणी थोर म्हणालं असतं. पण त्या घडीला ती कोणी थोर बाई नव्हती. ती फक्त प्रणयची आई होती आणि तिला तिचा मुलगा हवा होता.

सत्यवती आता बोलणार, देवानेच इशारा दिला म्हणणार, याची भागुबाईला खात्री होती. सत्यवतीने ताट खाली ठेवलं. गुडघ्यावर हात टेकत ती जमिनीवर बसली, कमरेचा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला आणि पूर्ण झालेली मुंडावळी मांडीवर ओढून घेतली.

"वन्स, तुमी राहू द्या."

"गप. बारशाला त्याच्या कानात हा नाव मीच सांगितला व्हता. आत्या हाय मी त्याची. सोडवायचा तं मीच सोडवतंय."

ओल्या धाग्याच्या गाठी आवळल्या की सहजासहजी सुटत नाहीत. सत्यवती सुईच्या टोकाने एकेक गाठ सैल करत होती, कळी अलगद काढून पानावर ठेवत होती. चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या होत्या, पण एकही गाठ तिने ओरबाडून तोडली नाही. पूर्ण झालेली सुटली, मग अर्धी राहिलेली. शेवटची कळी निघाली तेव्हा भागुबाईने त्या सगळ्या गोळा केल्या. एकदा गुंफलेली कळी दुसऱ्या माळेत घालायची नसते.

"आता नवी फुला?" ती म्हणाली.

सत्यवती उठली. मांडवात पाय न ठेवणारी ती बाई जरीचं लुगडं वर खोचून विहिरीकडच्या चिखलात उतरली आणि ओटी भरून कळ्या घेऊन आली. दोघी पुन्हा समोरासमोर बसल्या. भागुबाईने पहिली गाठ मारली. "तेजस्वी," ती म्हणाली. दुसऱ्या गाठीला तिचे ओठ मिटले ते उघडेनात.

"हर्षद," सत्यवती म्हणाली.

"तेजस्वी."

"हर्षद."

आठ-नऊ गाठी अशाच झाल्या. दहाव्या गाठीला सत्यवती थांबली आणि वाट बघत राहिली. भागुबाईने धागा आवळला. "हर्षद," ती म्हणाली, आणि मग पुढची सगळी नावं तिने एकटीनेच घेतली.

लग्न लागलं. मुंडावळ्या बांधलेली तेजस्वी बोहल्यावर उभी राहिली तेव्हा कुजबुज झाली नाही असं नाही. पण सवाष्ण म्हणून शेजारी सत्यवतीच उभी होती, आणि तिच्या नजरेला नजर द्यायची कोणाची टाप नव्हती. ऊन कलल्यावर पाठवणीची वेळ झाली. बायका एकमेकींना म्हणत होत्या, नवरीच्या मुंडावल्यांचा वास काय सुटलाय बघा, पार दारापर्यंत! भागुबाई दारातच उभी होती. पदराचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं आणि त्या टोकाला बांधलेल्या, सकाळी सोडवलेल्या कळ्या आता उमलत होत्या.

तेजस्वी पाया पडायला वाकली. वाकलेलीच थांबली; मोगऱ्याचा वास सासूच्या मुठीतूनही येत होता. मग मान वर करून तिने सासूच्या मुठीकडे पाहिलं, सासूच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

भागुबाईने दुसऱ्या हाताने तिला उठवलं, कपाळावरची मुंडावळी सरळ केली.

"चल, ऊठ," ती म्हणाली. "हर्षद थांबलाय."